दोन वेळा नको

कोपरा सुटला होता. निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत ‘नॉर्डाल कॉलेज’, आणि अगदी कडेला मागचा मेणकागद जरासा उचकटलेला, तिथल्या डिंकाला धूळ लागून तो काळपट झालेला – ऑर्विननं अंगठ्यानं दाबून पाहिलं, बसेना, पुन्हा दाबलं… गॉगल शोधायला म्हणून त्यानं गाडीतला समोरचा कप्पा उघडला होता आणि हाताला हे लागलं होतं. फेब्रुवारीत घेतलेलं. कॉलेजच्या दुकानातल्या मुलीनं विचारलं होतं, नात येणार का इथं, आणि तो म्हणाला होता, बघू, अजून काही ठरलेलं नाही – आणि मग गाडीच्या मागच्या काचेवर लावायचं हे स्टिकर, पिशवी नको, असू दे, म्हणत कोटाच्या आतल्या खिशात घालून घरी आला होता. फेब्रुवारीत खरंच काही ठरलेलं नव्हतं. त्यालाच धीर निघाला नव्हता.

“काय सापडलं?” रस्त्यावरची नजर न काढता मारितनं विचारलं.

“काही नाही. जुनी पावती.”

त्यानं कप्पा बंद केला. या वयात असं खोटं बोलायला लागावं याचं त्याला हसू आलं, थोडी लाजही वाटली. मनातल्या मनात मांडे खाणारा म्हातारा… मारित गाडी चालवत होती – दोन्ही हात चाकावर, पाठ ताठ, थेट तिच्या आजीसारखी, लेनोरसारखी. लेनोर गेली ती गेल्या शरदात, शेतांतून बिटांची काढणी चालू असताना, आणि तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी ही पोरगी येते, सूप चढवते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकं पसरून बसते. ऑर्विन समोर पेपर वाचत असल्याचं दाखवतो. बोलणं फारसं होत नाही, होण्याची गरजही नसते. मात्र गुरुवार उजाडला की तो पुढच्या बुधवारची वाट पाहायला लागतो, आणि हे त्यानं कुणालाही, अगदी स्वतःच्या मुलालाही, सांगितलेलं नाही.

आज एक मे. कुठल्या कॉलेजात जाणार ते कळवायचा शेवटचा दिवस. मारितचा बाप, म्हणजे ऑर्विनचा मुलगा कर्ट, शेतात बिटाची पेरणी करत होता. जमीन सुकली की आमच्याकडे माणसाला दुसरं काही सुचत नाही. म्हणून ऑर्विननंच म्हटलं होतं, चल, नॉर्डालला एकदा जाऊन येऊ, बघून घे नीट, मग संध्याकाळी कळवून टाक. बघायचं काय होतं? ठरलेलंच तर होतं. पण ठरलेली गोष्ट पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहण्यात जे सुख असतं, ते त्याला हवं होतं, आणि या वाटेनं तिच्या शेजारी बसून जायला हवं होतं… दोन्ही बाजूंना काळी, ओली, सपाट जमीन, खड्ड्यांतल्या पाण्यात आभाळ, मध्येच एखादं धान्याचं उंच कोठार. तळ्यांवरचा बर्फ आठवड्यापूर्वीच फुटला होता. मिनेसोटात याहून सुंदर दिवस वर्षातून फार तर चार-दोन मिळतात.

मध्ये पेट्रोल भरायला थांबले तेव्हा आत काचेच्या कपाटात ताजे डोनट होते.

“खाणार एखादा?”

“नको आजोबा. मी ठीक आहे.”

“बरं,” तो म्हणाला, आणि कॉफीचा एकच पेला घेऊन बाहेर आला.

ईस्टरला जेवताना असंच झालं होतं. टेबलाभोवती सगळे होते, हॅमचं ताट फिरत होतं, आणि मारितला समुद्राकाठच्या त्या मोठ्या विद्यापीठानं घेतलं असल्याची बातमी तेव्हा ताजी होती – घेतलंच नव्हतं नुसतं, फीसुद्धा माफ केली होती, तेव्हा पैशाची सबब कुणालाच देता येण्यासारखी नव्हती. डॉक्टर व्हायचं म्हणजे आधी कॉलेजची चार वर्षं, मग ती प्रवेशपरीक्षा, मग मेडिकलचे अर्ज. आणि ती पहिली चार वर्षं कुठे काढली यावर पुढचं बरंच काही ठरतं, असं हल्ली सगळेच म्हणतात. त्या विद्यापीठाला रस्त्यापलीकडेच स्वतःचं प्रचंड हॉस्पिटल होतं. तिथं म्हणे अठरा वर्षांची पोरं प्रयोगशाळेत खऱ्या संशोधकांच्या शेजारी उभी राहून काम करतात. ऑर्विननं ऐकून घेतलं होतं. मग तो म्हणाला होता की पहिल्या वर्षाच्या रसायनाच्या वर्गात तिथं चारशे मुलं असतात, आणि डॉक्टर व्हायला आलेल्यांतली निम्मी नाताळपर्यंत दुसरा विषय शोधायला लागतात. नॉर्डालमध्ये वर्गात वीस जण. प्राध्यापक तुला नावानं ओळखतील, तुझा आवाज ओळखतील, आणि मेडिकलला शिफारस लिहायची वेळ येईल तेव्हा ती माणसाबद्दल लिहितील… आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर, न्यायानं वागलो असं वाटावं म्हणून, त्यानं विचारलं होतं, “पण तुला तिकडे जायचं असलं तर बोल हं.”

“नको,” मारित म्हणाली होती. “नॉर्डालच बरं.”

त्याचा जीव भांड्यात पडला होता. कर्टनं बटाटे पुढे सरकवले, सुनेनं कॉफी ओतली, आणि त्या रात्री ऑर्विनला लेनोर गेल्यापासून पहिल्यांदाच सलग झोप लागली.

नॉर्डाल… त्यानं स्वतः कुठे निवडलं होतं नॉर्डाल? नॉर्डालच घरी आलं होतं, बर्फाच्या वादळातून. तो सतरा वर्षांचा होता. कॉलेजचा गायकवृंद दर हिवाळ्यात गावोगावच्या चर्चमध्ये गायला निघायचा आणि रात्री दोन-दोन मुलं गावातल्या एकेका घरी मुक्कामाला जायची. चर्चच्या तळघरात नावं पुकारली जायची आणि आई आपल्या वाट्याची दोन मुलं जत्रेत जिंकल्यासारखी घरी घेऊन यायची. त्या वर्षी आली ती एक बुटका, नाव आता आठवत नाही, आणि दुसरा गेरहार्ड फॉसे – दारातून वाकून आत यायला लागेल एवढा उंच, खर्जात गाणारा, जीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. एका रात्रीसाठी आलेली ही दोघं वादळानं अडकून पडली. रस्ते गेले, दिवे गेले. गेरहार्डनं दूध काढायला मदत केली, आणि गाईला गाणं म्हणून दाखवलं, आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून आईला म्हणाला, त्या पडवीत गोठवून ठेवलंय ते डुकराचं काळीज आहे ना, ते देता का मला?

आईनं दिलं. पाहुण्याला नाही कसं म्हणणार! मात्र तो ताट घ्यायला गेला तेव्हा ती ओरडली, “त्या ताटात नाही हं, ते माझ्या लग्नातलं आहे!” मग मेणकापडावर, शेगडीजवळच्या उबेनं मऊ पडलेलं ते काळीज गेरहार्डनं मासे साफ करायच्या सुरीनं नीट छाटलं, वरची जाड नळी मोकळी केली आणि ऑर्विनला म्हणाला, किटलीतलं पाणी ओत यात. ऑर्विननं ओतलं. पाणी खाली उतरेना. नळीत तिथंच थांबलं, आणि आत डोकावून पाहिलं तर तीन इवलेसे पडदे फुगून एकमेकांना भिडले होते – मेलेल्या, गोठून पुन्हा मऊ पडलेल्या काळजात ते आपलं काम चोख करत होते. “बघितलंस? जायला वाट आहे, परत यायला नाही,” गेरहार्ड म्हणाला. बाप पाइप हातात धरून मागे उभा होता. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग एवढंच म्हणाला, “हं. वाईट नाही.” बापाच्या तोंडून याहून मोठी स्तुती ऑर्विननं जन्मात ऐकली नव्हती. त्यानंतर दुसऱ्या कुठल्या कॉलेजचं नाव घरात कुणी काढलं नाही. कॉलेज असं निवडतात का? आम्ही असंच निवडलं. आणि एक दिवससुद्धा पस्तावलो नाही, हे देखील तितकंच खरं आहे.

“तुम्ही हसताय,” मारित म्हणाली.

“गेरहार्ड आठवला. आर्डिस आजीचा नवरा. येताना तिच्याकडे जायचंय, कॉफीला बोलावलंय तिनं.”

“माहितीये. डुकराचं काळीज.” तीही हसली. “मी पाच वर्षांची असल्यापासून ऐकतेय, आजोबा.”

नॉर्डालमध्ये शिरताना झाडांना नुकती पालवी फुटत होती. जुनी विज्ञानाची इमारत उभी होती, पण आता तिच्यात नुसती ऑफिसं. विज्ञान काचेच्या नव्या इमारतीत गेलं होतं. जुन्या इमारतीतल्या जिन्याच्या कठड्यावर हात ठेवल्याबरोबर ऑर्विनला तो वास आला – फॉर्मॅलिन, गॅसच्या शेगड्या आणि चंचुपात्रात उकळलेली कॉफी – खरा नव्हताच तो, ताज्या रंगाचा वास होता खरा, पण नाकाला कोण समजावणार? इथं दुसऱ्या मजल्यावर, नोव्हेंबरातल्या कडाक्याच्या थंडीत, एका मुलीनं विच्छेदनाच्या तासाला उठून सरळ खिडकी उघडली होती. प्राध्यापक नीगोर म्हणाले, बर्फ आत येतोय. ती म्हणाली, येऊ दे, निदान त्याला वास नाही. ती लेनोर. पुढं सगळं आयुष्य जिथं कोंदट वाटेल तिथली खिडकी ती उघडत राहिली आणि ऑर्विन मागून जाऊन लावत राहिला… त्याला हे मारितला सांगायचं होतं, ही खिडकी, हीच ती, पण तो नुसताच त्या खिडकीकडे बघत उभा राहिला. मारितनं त्याच्या कोटाची बाही धरली. तिला माहीत असणार. तिला सगळंच माहीत असतं.

मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांना सल्ला देणारी बाई म्हणजे डॉ. लिंडोस, तरुण, केसांत पेन्सिल खोचलेली, मनमोकळी. तिनं नवी प्रयोगशाळा दाखवली, शिफारशीचं कसं काय करतो ते सांगितलं. मारितनं एकच प्रश्न विचारला.

“उन्हाळ्यात संशोधन करायला मिळतं का इथं?”

“मिळतं थोडंफार. खरं सांगू? ज्यांना त्याची फार ओढ असते त्यांना आम्ही उन्हाळ्यात बाहेर पाठवतो. पूर्वेकडच्या मोठ्या विद्यापीठांत. तिथली साधनं आमच्याकडे कुठून येणार?”

“तिथं म्हणजे… हृदयाच्या पेशी वाढवतात ना, तसल्या ठिकाणी?”

“तसल्याच. तू वाचलंयस का त्याबद्दल?”

मारित काही बोलणार तेवढ्यात ऑर्विन म्हणाला, “आमच्या वेळी नीगोर सर आम्हाला बेडूक हातानं काढायला लावायचे, पेन्सिल न उचलता!” लिंडोसबाई कौतुकानं हसली, आणि मग त्याला बेडकाची सगळी गोष्ट सांगावीच लागली.

आर्डिस फॉसेचं घर कॉलेजमागच्या उतारावर होतं. तिनं टेबल मांडूनच ठेवलं होतं – कॉफी, अंड्याचे सँडविच आणि लिंबाच्या वड्या, वर पिठीसाखर भुरभुरवलेल्या. आर्डिसनं दारातच मारितला मिठीत घेतलं, मग लांब धरून पाहिलं.

“उंच झालीस गं! नाक मात्र लेनोरचं घेतलंस, बरं झालं, याचं नाही घेतलंस. बस. आधी खा.”

“नको, नको, आजी. मी ठीक आहे.”

“अगं एक तरी घे.”

“नाही, खरंच नको. त्रास नको तुम्हाला.”

“त्रास कसला? ही वडी बघ, कडेची आहे, मोडलीय, उरली तर मलाच खावी लागणार.” आर्डिसनं बोलता बोलता वडी तिच्या बशीत सरकवलीसुद्धा.

“बरं मग… अगदी छोटी.”

मारितनं ती खाल्ली, मग दुसरी स्वतःहून घेतली, मग दोन सँडविच, आणि पुन्हा एक वडी – मान खाली घालून, मन लावून, भुकेलेलं माणूस खातं तशी. ऑर्विन पाहत राहिला. सकाळपासून हिला भूक लागली होती… तिथं डोनटच्या कपाटासमोर उभी होती तेव्हाही लागलेली असणार.

“तुझ्यावर गेलीय रे अगदी,” आर्डिस म्हणाली. “मारित, हा पहिल्या वर्षी उपाशी मरत होता, सांगितलं का तुला यानं? नाही ना? डुकराचं काळीज तेवढं सांगतो. हा राहायचा एका बाईकडे, पिकरिंगबाई, शिकागोकडची. रात्रीच्या जेवणाला ती विचारायची, अजून घेणार का? हा म्हणायचा, नको, पुरे. की ती भांडं उचलून आत! परत विचारायची नाही. तिच्याकडे नको म्हणजे नको. हा आपला बसलाय वाट बघत, आता विचारेल, मग विचारेल… ख्रिसमसला घरी गेला तर आईनं ओळखलं नाही, गालफडं बसलेली. शेवटी आमच्या गेरहार्डनं जाऊन त्या बाईला सांगितलं, बाई, आमच्याकडची माणसं दोनदा नको म्हणतात, तिसऱ्यांदा विचाराल तर खरं बोलतात. ती म्हणाली, मग पहिल्यांदाच का नाही बोलत?”

“मग तुम्ही काय सांगितलंत तिला?” मारितनं हसत विचारलं.

“काय सांगणार!” ऑर्विन म्हणाला. “पहिल्यांदाच हो म्हणणारा माणूस हावरा दिसतो.”

तिघंही हसली. आर्डिसनं उरलेल्या वड्या डब्यात भरून दिल्या, त्यासाठीही मारितला रीतसर आढेवेढे घ्यावे लागले, आणि निघताना दारात उभं राहून आर्डिस म्हणाली, “म्हणजे चार वर्षं येत जाशील माझ्याकडे. मजा आहे माझी.” मारित म्हणाली, “हो ना.” तिनं गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

परतीचा रस्ता. ऊन कलतं झालं होतं आणि शेतांतल्या पाण्यावरून डोळ्यांत येत होतं. गॉगल कप्प्यात राहिला होता, पण ऑर्विननं कप्पा उघडला नाही. त्याच्या डोक्यात पिकरिंगबाई घोळत होती – ती तरी बिचारी परगावची होती, तिला कोण दोष देणार? आणि तिच्या मागोमाग, का कोण जाणे, त्याचा जुना रोगी एल्मर रुस्टाड आला, टोपी गुडघ्यावर ठेवून तपासायच्या टेबलावर बसलेला. काय होतंय, एल्मर? काही नाही, ठीकच. दुखतंय कुठे? नाही, वाईट नाही. सगळे असेच असायचे. बायकोनं बळंच पाठवलेले, डॉक्टरचा वेळ घेतला म्हणून ओशाळलेले. गावात डॉक्टरकी सुरू केली तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात त्याला कळून चुकलं होतं की नाडी, रक्तदाब, छातीचे ठोके हे सगळं एकीकडे आणि तिसरा प्रश्न एकीकडे. तो सगळं आवरायचा, चिठ्ठी लिहायचा, दाराच्या मुठीवर हात ठेवायचा आणि मग वळून, सहज, हवापाण्याबद्दल बोलल्यासारखं विचारायचा – आणखी काही होतंय का? आणि मग एल्मर टोपीकडे बघत म्हणायचा, तसं काही नाही… ते छातीत आपलं… गाईनं लाथ घातल्यासारखं होतं, गोठ्याकडचा चढ चढताना.

माणसं वाचली त्या प्रश्नानं. शहरातून आलेल्या तरुण डॉक्टरांना तो शिकवायचा, पहिल्या दोन उत्तरांवर विश्वास ठेवू नका, ती सभ्यपणाची असतात. आयुष्यभर हीच भाकरी खाल्ली. आणि…

ईस्टरला एकदा विचारलं. सगळ्यांच्या देखत, एवढं मोठं भाषण ठोकून झाल्यावर. दुसऱ्यांदा विचारलं ते गॅरेजमध्ये, बोटीचं इंजिन उघडलं होतं, ती बॅटरी धरून उभी होती – काय विचारलं मी? ‘तिकडचं काही मनात नाही ना?’ ‘नाही ना’! असा प्रश्न मी कधी एका तरी रोग्याला विचारला असता? बॅटरीचा झोत जरा हलला होता, इंजिनावरून भिंतीवर गेला आणि परत आला, आणि मग ती म्हणाली, “नाही… नको.” हे मी पाहिलं होतं. झोत हललेला पाहिला होता. आणि म्हणालो, “मग झालं तर,” आणि पाना मागितला.

का नाही विचारलं तिसऱ्यांदा? विसरलो नव्हतो. आमच्याकडे ते कुणी विसरत नाही, दारात आलेल्या विमा विकणाऱ्यालासुद्धा आम्ही कॉफी तीनदा विचारतो. उत्तर हवं तसं मिळालं होतं, म्हणून थांबलो. पिकरिंगबाईसारखा भांडं उचलून आत गेलो, आणि मला तर सगळं माहीत होतं.

हृदयाच्या पेशी, म्हणाली ती. त्याबद्दल तिनं वाचलंय. कुठे वाचलं? बुधवारी, त्या टेबलावर, माझ्यासमोर बसून वाचलं असणार. मी पेपर तोंडापुढे धरून बसलो होतो आणि समोर पोरगी कुठल्या कुठे जाऊन येत होती… आणि तरीही सूप ढवळायला वेळेवर उठत होती. राग आला, कुणाचा ते ऑर्विनला नीट ठरवता येईना. नॉर्डाल वाईट नव्हतं. नॉर्डाल चांगलंच होतं, आजही आहे, ती तिथं गेली तर उत्तम डॉक्टर होईल यात शंका नाही – आणि नेमकं हेच सगळ्यांत अवघड होतं. वाईट गोष्ट पुढे केली असती तर पोरीनं ढकलून दिली असती. इतक्या चांगल्या, इतक्या प्रेमानं पुढे केलेल्या बशीला ती नको कशी म्हणणार?

गप्प बसता आलं असतं. संध्याकाळ व्हायला थोडाच अवकाश होता, ती घरी जाऊन कळवून टाकेल, आणि बुधवारी येईल, आणि सप्टेंबरनंतरही तासा-दीड तासाच्या अंतरावर राहील, रविवारी येईल कधीमधी. कुणी काही म्हणणार नव्हतं. तीसुद्धा नाही, जन्मात नाही.

“मारित.”

“हं?”

“तुला तिकडे जायचंय का? समुद्राकडे?”

तिनं झटकन त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. “विचारलंत ना आजोबा तुम्ही. सांगितलं की मी.”

“हो. दोनदा सांगितलंस. आता परत विचारतोय.”

पुढे एक ट्रॅक्टर पेरणीयंत्र ओढत रस्त्याच्या अर्ध्या भागातून चालला होता. समोरून काहीच येत नव्हतं, ओलांडून जाता आलं असतं, पण मारितनं वेग कमी केला आणि त्याच्या मागेच राहिली. तिनं ओठ घट्ट मिटले होते. तिच्या हनुवटीखाली एक शीर उडत होती, आणि ऑर्विनला ही शांतता ओळखीची होती. हिची वेळ तो बरोबर जाणायचा: दाराची मूठ सोडायची, परत येऊन स्टुलावर बसायचं, आणि रोग्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायचं, म्हणजे त्याला शब्द सापडतात. तो काचेतून बाहेर बघायला लागला. काळी जमीन, पाणी, पाण्यावर उतरलेले पांढरे पक्षी. स्वयंपाकघरातलं टेबल त्याच्या डोळ्यांसमोर आलं, त्यावर पुस्तकं नव्हती, एकच वाडगं होतं, आणि ते त्यानं तसंच राहू दिलं, नजरेआड केलं नाही. भीती वाटत होती. खूप वाटत होती. पण सकाळी जिची वाटत होती ती ही नव्हे… ईस्टरला ज्या एका शब्दानं झोप लागली होती, तोच शब्द आता ती उच्चारेल, ही ती भीती होती. नको म्हणू नकोस, पोरी. भूक लागली असेल तर माझ्याकडे बघून नको म्हणू नकोस. आणि म्हणालीसच – चौथ्यांदा विचारायचा रिवाज आमच्याकडे नाही, तसं विचारणं म्हणजे माणसाची अडवणूक समजतात – तरी मी विचारणार आहे.